टिक फिवरला ‘एकच इंजेक्शन’ नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात मुंबईतल्या कुत्र्यांमध्ये टिक फिवर, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा ताप, वाढला की प्राण्यांच्या दवाखान्यांत एक मागणी हमखास होते. ‘गोळ्यांची कटकट नको, महिनाभर टिकेल असे एकच इंजेक्शन द्या.’ भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांची यामागची अडचण खरी आहे. जो कुत्रा अंगाला हात लावू देत नाही, त्याला रोज गोळी कशी चारायची? तरीही या मागणीपोटी जी इंजेक्शने टोचली जातात, त्यांतले एकही डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या 28 दिवसांच्या गोळ्यांची जागा घेत नाही. त्यात कुत्र्यांचे जीव जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

मुंबईत टिक फिवर म्हणतात तो बहुतेक वेळा एर्लिकिया कॅनिस या जंतूचा संसर्ग असतो. तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून शिरलेला हा जंतू पांढऱ्या रक्तपेशींच्या आत राहतो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे जंतूच्या भिंतीवर घाव घालतात आणि एर्लिकियाला तशी भिंत जवळपास नसतेच. त्यामुळे शरीरात 14 दिवस टिकणारे सेफोव्हेसिन हे सेफॅलोस्पोरिन गटातले इंजेक्शन त्वचेच्या संसर्गाला चांगले असले, तरी इथे निरुपयोगी आहे.

दुसरे नाव निघते इमिडोकार्बचे. किलोमागे 5 ते 6.6 मिलिग्रॅम, 14 दिवसांच्या अंतराने दोन वेळा. हे औषध मोठ्या आकाराच्या बबेसियावर, म्हणजे गोचिडातूनच येणाऱ्या, तांबड्या रक्तपेशींतल्या दुसऱ्या परजीवीवर, काम करते. एर्लिकियाची लागण प्रयोगात मुद्दाम करून हे औषध दिले, तेव्हा जंतू गेला नव्हता. बबेसिया गिब्सोनी या लहान आकाराच्या जातीलाही ते पुरत नाही. शिवाय आधी ॲट्रोपिन दिले नाही तर लाळ, उलट्या, जुलाब होतात. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता ‘दोन सुया’ देऊन मोकळे होणे हा उपचार नव्हे.

तिसरे आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे गुरांसाठीचे ‘एलए’ (लाँग ॲक्टिंग, दीर्घ असराचे) ऑक्सिटेट्रासायक्लिन. डॉक्सीसायक्लिनच्याच टेट्रासायक्लिन गटातले असल्याने ते एर्लिकियाला लागू पडते, हे खरे. पण गुरांमध्ये किलोमागे 20 मिलिग्रॅम दिल्यावर त्याचा असर तीन-चार दिवस राहतो, महिनाभर नव्हे. म्हणजे 28 दिवस भरायला किमान सात, एरवी नऊ-दहा सुया लागतील. ते टोचलेल्या जागी सूज येते, मांस सडू शकते, मूत्रपिंडावर ताण येतो. त्यातच या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात. अशा कुत्र्याच्या मांडीत खोल सुई घातली की स्नायूत रक्त साकळते. नाकातून रक्त येत असलेल्या कुत्र्याला अशी सुई मारणे आम्हाला अक्षम्य वाटते. त्याला माणसांचे ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन देणेही तितकेच वाईट. डॉक्सीसायक्लिनचेच दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन बनवण्यावर मेक्सिकोतील संशोधकांनी काम केले आहे, पण आज टिक फिवरवरचा प्रस्थापित उपचार तोंडावाटे दिलेली गोळी हाच आहे.

डॉक्सीसायक्लिनची मात्रा किलोमागे दिवसाला 10 मिलिग्रॅम. 15 किलोच्या कुत्र्याला 100 मिलिग्रॅमची दीड गोळी, म्हणजे 28 दिवसांच्या 42 गोळ्या. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, तेव्हा गोळीच मागावी. सगळ्यात जास्त चूक होते ती दही-भात, पनीर किंवा दुधात भिजवलेल्या बिस्किटातून गोळी देण्यात. कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवते आणि औषध अंगी कमी लागते. उकडलेले चिकन, कलेजी किंवा अंडे घ्यावे. उपाशीपोटी दिली तर उलटी होते. पहिला घास नुसता द्यावा, दुसऱ्यात गोळी ठेवावी आणि तिसरा लगेच समोर धरावा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. बाकीचे कुत्रे दूर गुंतवून ठेवायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर गोळी भलत्याच पोटात जाते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, कुत्रा शेपटी हलवत खायला येतो आणि आठवड्यात गोळ्या थांबतात. जंतू मात्र प्लीहेत दडून राहतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी अस्थिमज्जा निकामी झालेला तोच कुत्रा समोर येतो आणि तेव्हा हाती फारसे काही उरत नाही. गोळ्या संपल्यावर महिन्याने प्लेटलेट्स पुन्हा मोजाव्यात. अँटिबॉडीची पट्टी (रक्ताची झटपट चाचणी) बरे झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. निव्वळ तिच्यावरून पुन्हा औषध सुरू करू नये.

दीर्घकाळ टिकणारे औषध हवेच असेल तर ते गोचिडांसाठी आहे. फ्लुरालॅनर या गोचीडनाशकाची एक चघळगोळी गोचिडांवर दोन ते तीन महिने काम करते. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 500 मिलिग्रॅम, तीही जेवणासोबत. वर्षभर टिकणारे तिचे इंजेक्शनही काही देशांत मंजूर झाले आहे. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या, झटके येणाऱ्या कुत्र्याला मात्र ती पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. हे औषध गोचीड चावल्यावरच त्याला मारते आणि एर्लिकिया तर चाव्यानंतर काही तासांतच शिरू शकतो. म्हणून पाळीव कुत्र्याच्या गळ्यात गोचिडांना दूर ठेवणारा फ्लुमेथ्रिनचा पट्टाही घालावा. रक्त पिऊन गळून पडलेली मादी पार्किंगच्या भेगांत, वॉचमनच्या केबिनच्या फटींत हजारो अंडी घालते. त्या फटी बुजवल्याशिवाय इमारत गोचीडमुक्त होत नाही.

2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देण्याची तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थांनी ती अमलात आणली तर तोच कुत्रा रोज त्याच जागी, त्याच वेळी येतो आणि 28 दिवसांची गोळी शक्य होते. महापालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याला आमची विनंती आहे की नसबंदीसाठी पकडलेला कुत्रा सोडताना रेबीजच्या लशीबरोबर वजनानुसार गोचिडांची एक दीर्घ असराची गोळीही द्यावी. तो एरवी पुन्हा कधी हाती लागेल याची खात्री नसते. नसबंदीच्या पुढच्या कंत्राटात या गोळीचा खर्च धरावा.

– मुंबईतील काही पशुवैद्यक व प्राणी कार्यकर्ते