बाबा, तिला बफ मारायचा नाही

ती. बाबा आणि ती. आईस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, रायफलीचा फोटो पाहिल्यावर तुम्ही लगेच कळवलंत की नळीला बफ मार, म्हणजे चाकावर घासून चकचकीत कर, नव्याने ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा थर, करून घे, दस्ता पॉलिश पेपरने घास, म्हणजे कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसेल. ज्याचं उभं आयुष्य लेथपुढे गेलं त्याला डागाळलेलं पोलाद बघवत नाही, हे मला कळतं. पण ह्या रायफलीला मी असलं काहीही करणार नाहीये. का, ते फोनवर धड सांगता येईना म्हणून लिहायला बसले. आई, तुझा प्रश्न निराळा आहे: इतकी जुनी बंदूक घेतलीस ती घेतलीस, चालवायची कशाला? त्याचंही उत्तर ह्याच पत्रात येईल.

ही अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची १८९० मॉडेलची रायफल, पॉइंट टू-टू, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाडीची गोळी मारणारी. आराखडा जॉन ब्राउनिंगचा. नळीखालचा लाकडी गुटका मागे ओढला की काडतुसाची रिकामी पितळी टोपी उडून बाहेर पडते आणि पुढे ढकलला की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जातं. १८९० ते १९३२ ह्या काळात अशा सुमारे साडेआठ लाख रायफली तयार झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जत्रेतल्या नेमबाजीच्या तंबूंत राबल्या. पत्र्याची बदकं साखळीवरून सरकत जायची आणि लोक पैसे देऊन ती पाडायचे. माझ्या रायफलीच्या नळीवर ‘.२२ शॉर्ट’ असा शिक्का आहे. हे काडतूस १८५७ सालचं, स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं. ही रायफल फक्त तेच खाते. काडतूस वर उचलणारा आतला भाग नेमक्या तेवढ्याच लांबीचा कापलेला असतो, त्यामुळे आज सगळीकडे मिळणारं, ह्याच जाडीचं पण लांब असं लाँग रायफल काडतूस हिच्यात चालतच नाही.

ही पॉइंट टू-टूची काडतुसं रिमफायर जातीची. रिमफायर म्हणजे काय, हे बाबा तुम्ही विचारलं होतंत. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टिकली बसवलेली असते. रिमफायरला ती नसते. पातळ पितळी टोपीचं बूड बाहेर दुमडून कड केलेली असते, तिच्यात ओलं स्फोटक मिश्रण घालून टोपी जोरात फिरवतात, म्हणजे ते मिश्रण कडेच्या पोकळीत सगळीकडे जाऊन बसतं. चाप ओढला की आदळणारी फायरिंग पिन ती कड चेपते आणि ठिणगी पडते. कड चेपली जायची तर पितळ पातळच हवं, आणि पितळ पातळ म्हणजे आतला दाब फार वाढवता येत नाही. म्हणून मोठ्या आकाराची रिमफायर काडतुसं हळूहळू संपली आणि हे सगळ्यात लहान तेवढं टिकलं. १८४५ मध्ये फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने टोपीच्या तोंडावरच गोळी बसवून घरात नेमबाजीची सोय केली होती, तिथून ही वंशावळ सुरू होते. लाँग रायफल आलं १८८७ मध्ये.

आता फोटोत न दिसलेली गोष्ट. नळीतून उजेडाकडे बघितलं की गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचांमध्ये बारीक खड्डे दिसतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पेटवणाऱ्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळालं की मागे क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत पोलादाला लागतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. लोक मात्र इमाने इतबारे तेलाचा बोळा फिरवायचे आणि नळी आतून खाल्ली जायची. त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारी जुनी पॉइंट टू-टू मी कधी तेवढ्यावर घेत नाही. आधी नळीत दिवा लावून बघते. माझीत खड्डे आहेत, पण खाचांच्या कडा अजून उभ्या आहेत आणि पंचवीस मीटरवर गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात.

म्हणून बाहेरचा डाग मला खुपत नाही. बाबा, तुम्ही बफ मारलात तर पहिल्यांदा काय जाईल? अष्टकोनी नळीच्या आठ धारा. त्या आज बोटाला लागतात, बफच्या चाकावर त्या गोलावतील. मग शिक्क्यांची अक्षरं आणि पेटंटच्या तारखा उथळ होतील, स्क्रूच्या भोकांना बशीसारखी खळगी पडेल. त्यावर कितीही काळंभोर ब्लूइंग चढवलं तरी जाणकाराला लांबूनच कळतं. आणि जुन्या ब्लूइंगची तऱ्हाच वेगळी होती. मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात घालून तो तांबडा गंज काळा करायचा, वरची भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. तांबडा आणि काळा, दोन्ही लोखंडाचेच ऑक्साइड, पण काळा धरून बसतो आणि पोलादाला राखतो. माझ्या रायफलीचा तो रंग उडालाय तो नेमका जिथे माणसाचा तळहात येतो तिथेच. लाकडी गुटक्यावरच्या गोल खाचाही डाव्या हाताखाली झिजल्यात. ही झीज कुणीतरी हजारो वेळा हात मागेपुढे केला म्हणून आलेली आहे. ती मी पुसली तर ह्या वस्तूबद्दल मला जे काही ठाऊक आहे त्यातलं निम्मं मीच पुसून टाकलं असं होईल.

दुरुस्ती मात्र मी करते. ही आली तेव्हा चेंबरच्या ओठाला फायरिंग पिनचा खड्डा पडला होता. रिकाम्या रायफलीचा चाप ओढत राहिलं की हे होतं: मध्ये पितळेची कड नसते, पिन सरळ पोलादावर आदळते, आणि सरकलेला धातू चेंबरमध्ये डोकावतो. मग काडतूस आत जायला आणि बाहेर निघायला अडतं. बंदुकांच्या कारागिराने एक निमुळतं पोलादी हत्यार आत दाबून तो धातू परत जागेवर बसवला. एक कणही कापून काढला नाही. तुम्हाला हे काम बघायला आवडलं असतं. माझा नियम एवढाच आहे की जे चालायला अडतं ते दुरुस्त करायचं, आणि जे फक्त दिसायला अडतं त्याला हात लावायचा नाही.

आई, आता तुझं. जुनी आहे म्हणून ती हातात फुटेल असं तुला वाटतं. वापरण्याआधी तिचं हेडस्पेस, म्हणजे बंद केल्यावर काडतुसाच्या कडेला आत किती जागा उरते ते, गेज घालून तपासून घेतलंय. ती कड जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे इथे अंदाजाचं काम नाही. १९३० च्या सुमारास जास्त वेगाची काडतुसं आली, ती मी जुन्या रायफलींमध्ये कधीच घालत नाही. त्याआधीच्या रायफली त्या हिशेबाने घडवलेल्याच नव्हत्या. साध्या वेगाच्या गोळीने आवाजही मऊ येतो. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर झाकणं असतातच, कारण एखाद्या टोपीची कड फाटली तर वायू मागे येऊ शकतो. आणि पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं असं जे म्हणतात त्यांच्याजवळ मी उभीसुद्धा राहत नाही. एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊन माणसाला इजा करू शकते. त्यामुळे परवानगी असलेली रेंज, मागे मातीचा बांध, आणि घरी रायफल एका कुलपात तर काडतुसं दुसऱ्या. ह्यात मी कुणासाठीही सूट ठेवलेली नाही.

आणि चालवायची कशाला, तर ती नुसती भिंतीवर टांगली की आतलं तेल घट्ट होऊन चिकट राळ बनतं. स्प्रिंग, घोडा, रिकामी टोपी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर ह्यांतलं काय थकलंय हे कळतच नाही. चालवली की दर वेळी मी तिला उघडते, पुसते, कान देऊन ऐकते. एक्स्ट्रॅक्टर जरा आळसावला तरी त्याच दिवशी समजतं. शिवाय खरं सांगू? गुटका मागे येतानाचा तो खटका, आणि टोपी हवेत गिरकी घेऊन पडते तो क्षण, ह्याच्यासाठी मी आठवडाभर वाट बघते.

माझ्याकडची दुसरी रायफल बीएसए ह्या ब्रिटिश कंपनीची मार्टिनी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर ब्रिटनमध्ये सामान्य माणसालाही नेम धरता यावा म्हणून गावोगाव लहान रायफलींचे क्लब निघाले, त्या काळच्या घडणीची. खालची दांडी ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, त्याच्या पाठीवरच्या पन्हळीतून एकच काडतूस आत सारायचं. चाप ओढल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळ इतका थोडा, की हात हलायला सवडच मिळत नाही. पन्नास मीटरवर मी हिच्याशिवाय दुसरी कुठली घेत नाही. गोळी ध्वनीपेक्षा थोडी हळू जाणारी निवडते. ध्वनीहून वेगाने निघालेली गोळी वाटेत हळू होताना डगमगते आणि नेम विस्कटतो. तिसरी मार्लिन कंपनीची ३९ए. ती एक मोठा स्क्रू सोडवून दोन भागांत उघडते, नळी मागून बंद करणारा बोल्ट हातात येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते.

विंचेस्टरला ती सोय नाही आणि म्हणून बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. हिची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते. साफ करायची कांडी तिरकी घासत राहिली तर नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजते, आणि गोळी शेवटचा स्पर्श तिलाच करून जाते. ती झिजली की नेम गेला. मला पितळेचा एक बुश हवाय, जो नळीच्या तोंडावर टोपीसारखा बसेल आणि मधल्या भोकातून कांडी सरळ जाईल. नळी अष्टकोनी असल्यामुळे गोल भोकात फक्त आठ कोपरे टेकतील, तेव्हा फिट किती ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आतून खांदा असा काढा की पितळ नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेला अजिबात लागणार नाही. कोपरा ते कोपरा आणि सपाट ते सपाट, दोन्ही मापं व्हर्नियरने घेऊन चित्रासह सोबत पाठवते आहे. कांडीचा व्यासही त्यातच लिहिलाय, कांडीला किती मोकळीक द्यायची तेही बघा.

बुशला हवी तेवढी चकाकी आणा, तिथे मी काही म्हणणार नाही.

आई, गुडघ्याचं औषध वेळेवर घे आणि बाबांना लेथवर चष्मा लावायला लाव.

तुमची लेक