सात शिखरे आणि विक्रमांची घाई : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे सर करायला निघालेल्यांना शासन मदत करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण निधी आणि सत्कार बहुधा ‘सर्वांत लहान’ किंवा ‘सर्वांत जलद’ अशी बिरुदे लावता येणाऱ्यांच्याच वाट्याला येतात. हे बदला, एवढ्यासाठीच हे पत्र.

विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून उंच नेऊ नये, तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर किलिमांजारो (५८९५ मीटर) सोपा समजून लोक पाच दिवसांत उरकतात. मध्यरात्री निघालेल्या रांगेत पहाटे कुणीतरी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागतो. त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. जमले नाही तर मेंदूला सूज येते आहे असे धरून ताबडतोब खाली उतरवावे. पण ज्याच्या डोक्यावर प्रायोजक आणि बक्षीस बसले आहे, तो म्हणतो, ‘थोडंच राहिलंय.’ युरोपातील सर्वोच्च शिखर एल्ब्रुसवर तर केबल कार आणि बर्फावरची गाडी माणसाला काही तासांत साडेचार हजार मीटरवर पोचवते. शरीराला मात्र अजून खालच्याच हवेची सवय असते.

याउलट उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखर देनालीवर (६१९० मीटर) हमाल नाहीत. स्लेज ओढायची, सामान वर ठेवून झोपायला खाली यायचे, वादळात तंबू सोडायचा नाही; दोन-तीन आठवडे सहज जातात. मला विचाराल तर खरे गिर्यारोहण हेच.

लहान वय आणि वेग हेच सर्वस्व नाही. अमेरिकी गिर्यारोहक डिक बास यांनी १९८५ मध्ये ही सात शिखरे सर्वप्रथम पूर्ण केली, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. जपानी गिर्यारोहक जुन्को ताबेई १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या आणि सातही शिखरे पूर्ण करणारी पहिली महिला ठरल्या त्या १९९२ मध्ये.

नुसत्या फोटोवर विसंबणेही बरे नाही. एव्हरेस्टचा बनावट फोटो दाखवणाऱ्या एका जोडप्यावर नेपाळने २०१६ मध्ये दहा वर्षांची बंदी घातली होती.

म्हणून निधी मोहिमेआधी द्या : प्रशिक्षणासाठी, बचावाच्या विम्यासाठी, जादा दिवसांसाठी. आराखड्यात मुक्कामांची उंची आणि राखीव दिवस नसतील तर अर्ज परत पाठवा. लहान मुलांच्या विक्रमांचे सत्कार थांबवा. आणि आजारी साथीदाराला घेऊन शिखराखालून माघारी फिरलेल्याकडून पैसे वसूल करू नका. पुढच्या मोहिमेच्या यादीत त्याचे नाव वर घ्या.

आपला नम्र,
एक गिर्यारोहण प्रशिक्षक