माई, आईच्या हातात सरोता दिल्याबद्दल

ती. स्व. माईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, तिकडे पाऊस किती झाला?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून पाठवते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलेलं एक वयस्क माणूस तिथे दिवसभर खिडकीशी बसलेलं असतं. त्या घरांपर्यंत तुमची गोष्ट पोहोचावी असं मला मनापासून वाटतं.

हिवाळ्यात बाबा गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला म्हणायचा, आयुष्यभर खूप केलंत, आता आराम करा. ती कप विसळायला उठली तरी कुणीतरी पुढे होऊन कप हातातून घ्यायचं. सगळे हे मायेनेच करत होते. मग मे महिना लागला. आमचा वरचा मजला, दिवसभर गच्ची तापायची आणि मध्यरात्र झाली तरी भिंतींना हात लावला की गरम लागायचं. आईचं बोलणं कमी होत गेलं. आधी पेपर सुटला, मग जेवणाची चव गेली. गणिताची बाई ती, वाड्यात सगळ्यांच्या मुलांचे पाढे पक्के करून घेतले तिने, आणि आता आज वार कोणता हेही विचारेनाशी झाली.

तुम्ही आत्याच्या धाकट्या जाऊबाई. लग्नाकार्यात भेटायचं, हळदीकुंकवाला एकमेकींची चौकशी करायची, एवढाच आपला संबंध. नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायला दोन-चार दिवस असताना तुमचा फोन आला. हवापालटाचं नाव तुम्ही काढलं नाही, वहिनींना बरं वाटेल असंही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "कैऱ्या उतरवायच्या आहेत आणि माझ्याकडे हात कमी आहेत. वहिनींना पाठवून दे. तूही पोरांना घेऊन ये."

आईने पिशवी स्वतः भरली.

खंडवा रोडने सिमरोळ ओलांडून, घाट लागायच्या आधी आत वळलं की तुमचं शेत. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, विहिरीचं पाणी तळाशी गेलेलं, आणि नाल्याच्या कडेने सागाचं रान पार वाळून उभं. पोरांना पहिल्या दिवशी तिथे काहीच नाही असं वाटलं. संध्याकाळी अंगणात खाटा टाकल्या, रात्री अकरानंतर वारा सुटला तो थेट गारच. माळव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक का करतात ते आमच्या गच्चीवर कळत नाही. इथे पठारावर, उघड्यावर, पहाटे चादर ओढून घ्यावी लागली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईसमोर रायवळ कैऱ्यांचा ढीग ओतलात, कैरी फोडायचा सरोता तिच्या पुढ्यात ठेवलात आणि विचारलंत, "वहिनी, कोय धरली आहे का बघा बरं. लोणच्याला चालेल?" आईने एक कैरी कापली, कोय बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "ही चालेल. ती हिरवी बाजूला ठेवा, तिचा आंबोशीला उपयोग करू." मी दारात उभी होते माई. कित्येक महिन्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

फोडी मीठ-हळद लावून रात्रभर ठेवल्या, सकाळी सुटलेलं पाणी निथळून सावलीत खाटेवर पसरल्या. मोहरीची डाळ, हिंग, तिखट, सगळं निघालं आणि मेथीवर तुमचं दोघींचं वाजलं. तुम्ही म्हणालात मेथी तेलात तळून कुटायची. आई म्हणाली कोरडी भाजायची, तळली की कडवटपणा उतरतो तेलात. तुम्ही ऐकेनात, ती ऐकेना. तिचा आवाज चढला! तुमच्या सूनबाई माझ्याकडे काळजीने बघत होत्या आणि मला रडू येत होतं, कारण आई भांडत होती, अगदी पूर्वीसारखी, मुद्दा धरून. शेवटी दोन बरण्या घातल्या, एक तळलेल्या मेथीची, एक भाजलेल्या. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार होईपर्यंत आईने कुणाला बरणीजवळ येऊ दिलं नाही. मृग लागायच्या आत हे उरकायला हवं होतं. पहिला पाऊस पडला की कैरीचा कस उतरतो आणि लोणचं टिकत नाही.

मग तुम्ही तिला कामं देतच गेलात. त्यातलं सोयाबीनचं काम मला सगळ्यात आवडलं. पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण बघायची असते, ते तुम्ही आईवर सोपवलंत. ओल्या पोत्यावर तिने दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, एकेक दाणा नीट अंतरावर, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. आमची पोरं तिच्या मागे-मागे. पोतं उघडायच्या दिवशी तिने चष्मा पुसून मोजायला घेतलं, पोरांनाही वेगळं मोजायला लावलं, आणि सगळ्यांचा आकडा जुळल्यावरच तुमच्या मुलाला सांगितला. शंभरात सत्तर तरी उगवायला हवेत. हे बियाणं त्याच्या बरंच वर होतं. "आता बियाणं विकत आणायला नको," तो म्हणाला, आणि आईने त्याला ताबडतोब त्रैराशिक मांडून एकरी किती लागेल ते काढून दिलं. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेवरून, 1987 पासून इंदूरला आहे ती, मी आयुष्यभर जाते-येते आहे. तिथले शास्त्रज्ञ सांगतात तीच ही चाचणी, आणि ती माझ्या आईने केली.

टिटवीचं श्रेय मात्र तुमच्या नातवाचं. वखरलेल्या शेताच्या कडेला, खड्यांमध्ये, घरटं म्हणायलाही काही नाही अशा जागी चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. त्याने भोवती काटक्या रोवून ठेवल्या होत्या आणि ट्रॅक्टर तेवढा तुकडा सोडून फिरला. आई रोज सकाळी लांबून बघायला जायची. भर उन्हात पक्षीण पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून. हे आईने स्वतः पाहिलं आणि दुपारी सगळ्यांना बसवून सांगितलं. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं गावात मानतात. नातवाचं म्हणणं, यंदा बांधाच्या वर घातली आहेत, म्हणजे बघाच. एका सकाळी अंडी फुटली आणि दुपारपर्यंत पिल्लं आईबापामागे चालूसुद्धा लागली. माझी मुलगी अजून त्याबद्दल बोलते. नाल्यातल्या झाडीत पहाटे दोन सुरांची शीळ यायची, तो नवरंग. दक्षिणेतून, पार श्रीलंकेपर्यंतच्या रानांतून तो पावसाच्या तोंडावर आपल्याकडे घरटं करायला येतो. आमच्या पोरांनी तो पाहिला तुमच्या नातवामुळेच. खिरण्या, जांभळं, करवंदं किती खाल्ली त्याचा हिशेब नाही.

आता वटपौर्णिमेबद्दल लिहिते. इतके दिवस हेच लिहायचं राहिलं होतं.

गावातल्या बायकांची वडाची पूजा पंधरा दिवस आधी, अमावास्येलाच झाली होती. आपली पौर्णिमेला. मला त्या दिवसाची धास्ती होती. बाबा गेल्यानंतरची पहिलीच वटपौर्णिमा, आई आदल्या रात्रीपासून गप्प. सकाळी तुमच्या सूनबाई आणि मी ताट घेऊन निघालो, तेव्हा तुम्ही आईला हाक मारलीत. "वहिनी, ही घागर घ्या आणि चला." आई म्हणाली, "अहो माई, मी कशाला आता." तुमचे शब्द मला तसेच्या तसे आठवतात: "सूत त्या गुंडाळतील. वडाला पाणी घालायला कुणाला बंदी आहे? मी बारा महिने घालते. उन्हाळ्यात झाडाला पाणी लागतं." तुम्ही स्वतः किती वर्षं एकट्या आहात, ते मला त्या क्षणी लक्षात आलं. तुम्ही दोघी पुढे, आम्ही मागे. आईने घागर बुंध्याशी ओतली, मग दुसरी आणली, मग शेतावर कामाला येणाऱ्या बायका आल्या, त्यांच्या पदरात आंबे तिनेच घातले. त्या तुम्हाला जीजी म्हणतात. त्या दिवसापासून त्या आईलाही जीजी म्हणू लागल्या.

परतताना ती बाबांबद्दल बोलली. जानेवारीनंतर पहिल्यांदा, आणि रडत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वटपौर्णिमेला बाबांनी रामबागेतून फणसाचे गरे शोधून आणले होते म्हणे. मला हे माहीतच नव्हतं.

पहिला पाऊस आला त्या रात्री आपण सगळे खाटा उचलून पडवीत धावलो. धाकटा अंगणातच नाचत राहिला आणि त्याला कुणी आत ओढलं नाही. दुसऱ्या दिवशी लालभडक मखमली मृगाचे किडे बांधावर फिरत होते. तुमच्या मुलाला पेरणीची घाई झाली होती, शेजारच्या शेतात सुरूही झाली. आईने पर्जन्यमापकातलं पाणी वाचून वहीत लिहिलं आणि म्हणाली, अजून थांब. किमान 100 मिलिमीटर, म्हणजे चार इंच पडल्याशिवाय भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ओल खालपर्यंत जात नाही. मध्ये खंड पडला की उगवलेलं जळतं आणि दुबार पेरणी येते. तो थांबला. शेताचा निर्णय, वर्षाचं उत्पन्न, आणि तुम्ही दोघांनी माझ्या आईच्या वहीवर विश्वास ठेवलात. याचे आभार कसे मानायचे, माई?

आम्ही इंदूरला आलो तरी ती वही तुमच्याकडे चालू आहे आणि तिची नक्कल आमच्याकडे. सकाळी चहा झाला की आई तुमच्या नातवाला फोन करते, आकडा घेते, बेरीज करते. शाळा सुटल्यावर खालच्या मजल्यावरची दोन मुलं आता तिच्याकडे गणिताला येतात. तिने स्वतःच त्यांना बोलावलं. कप ती विसळते. मी उठत नाही.

भाजलेल्या मेथीची बरणी मुरली आहे, तळलेल्या मेथीची तुमच्याकडे. कोणतं सरस ते तुम्ही दोघींनी ठरवा, पण त्यासाठी समोरासमोर बसावं लागेल. तर आम्ही महालक्ष्म्यांना येतो आहोत. सोळा भाज्या आपण निवडणार असं आईने परस्पर जाहीर केलं आहे. आणखीही काही कामं तिच्यासाठी काढून ठेवा.

तुमची,
वहिनींची लेक