तिशीत सेटल, पण कुणी व्हायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीतला तो वयाचा तक्ता बघितला, बाविसाव्या वर्षी डिग्री, पंचविशीत नोकरी, तिशीच्या आत सेटल, आणि हे इंजिनिअरपासून कलाकारापर्यंत सगळ्यांना सरसकट. राग आला म्हणून लिहितेय, कारण असले तक्ते नातेवाईक मंडळी पाठ करतात आणि मग घराघरात पोरांना ऐकवतात. माझी भाची सायकॉलॉजीत पीएचडी करतेय, वय एकतीस, प्रत्येक लग्नकार्यात तिला एकच प्रश्न, "अजून शिकतेयसच का गं?"

दोघींची उदाहरणं देते, दोघी एकाच जमान्यातल्या. मारिया कॅलस, ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकातली गायिका, जन्म 1923, न्यूयॉर्क. ब्रेंडा मिल्नर, मानसशास्त्रातली संशोधक, जन्म 1918, मँचेस्टर. गंमत म्हणजे गाणंबजावणं मिल्नरच्याच घरात होतं, वडील संगीत समीक्षक आणि आई गाणं शिकलेली, पण पोरीला त्यात काडीचा रस नाही, ती केंब्रिजला गणितासाठी गेली आणि तिथून सायकॉलॉजीकडे वळली.

कॅलस शाळकरी वयातच अथेन्सला एल्विरा दे इदाल्गो या बाईंकडे शिकायला लागली, स्वतःचा धडा संपला तरी उठायची नाही, बाकीच्यांचे धडे ऐकत बसायची. जानेवारी 1949, व्हेनिस. ती वॅग्नर या संगीतकाराच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डेची भूमिका गात होती, म्हणजे एकदम दणदणीत आवाजाचं काम, आणि त्याच महिन्यात दुसरी गायिका आजारी पडली म्हणून कंडक्टर सेराफिननी तिला बेलिनीच्या 'इ पुरितानी' या ऑपेरात उभं केलं, जिथे नाजूक वेगवान ताना लागतात. काही दिवसांत तिने ते बसवलं आणि गाजवलं, वय फक्त 25. 1951 ला मिलानच्या ला स्काला या नामांकित ऑपेरागृहाचा सीझन तिच्या गाण्याने उघडला. आणि जुलै 1965 ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात 'टोस्का' गायली ती ऑपेराच्या स्टेजवरची शेवटची, तेव्हा वय 41! आवाज का गेला यावर अजून भांडणं चालू आहेत, कुणी म्हणतं वजन झपाट्याने उतरवलं म्हणून, कुणी म्हणतं कोवळ्या वयात जड भूमिका केल्या म्हणून, कुणी आजाराचं नाव घेतं.

आपल्याकडे हे पटकन समजत नाही, कारण भीमसेनजी 2007 ला पंच्याऐंशीव्या वर्षी सवाईला गायले हे आपण पाहिलंय. पण आपला गवई स्वतःची पट्टी स्वतः ठरवतो, वय झालं की खाली घेतो, तब्येत बरी नसेल तर तानाही कमी करतो. ऑपेरात सूर कागदावर लिहिलेला, तो सहसा हलत नाही, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतोय, माईक नाही, आणि मागची रांगही पैसे देऊन आलेली. गळ्याने साथ सोडली की विषय संपला.

आता मिल्नर. पीएचडी मिळाली 1952 ला, म्हणजे तुमच्या तक्त्यातली सेटल व्हायची वेळ कधीच टळलेली. मग मेंदूच्या ऑपरेशननंतर नवीन काहीच लक्षात राहत नसलेला एक पेशंट, तेव्हा फक्त एच. एम. म्हणून ओळखला जाणारा, त्याला तपासायला ती कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून ट्रेनने अमेरिकेत जायची. त्याला तिने एक चांदणी गिरवायला दिली, दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची, पण हात दिसणार फक्त आरशात, करून बघा, पहिल्यांदा सगळ्यांचीच त्रेधा उडते. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला, आणि शेवटच्या दिवशीही हे आपण आधी केलंय याची त्याला आठवणच नव्हती! म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगांची वेगळी, आज पुस्तकात सरळ शिकवतात ते यातून पुढे आलं. या पेशंटवरचा तिचा आणि सर्जन स्कोव्हिल यांचा गाजलेला पेपर 1957 चा, तेव्हा ती चाळिशीला टेकलेली. कॅलसने ज्या वयात स्टेज सोडलं जवळपास त्याच वयात हिचं खरं नाव व्हायला लागलं, आणि मेंदूच्या संशोधनासाठीचं मानाचं काव्हली पारितोषिक मिळालं 2014 ला, शहाण्णवाव्या वर्षाच्या आसपास.

म्हणून सांगते, गायिकेची आई पोरीला पंधराव्या वर्षी क्लासला घालते ती घाई नाही आणि माझी भाची एकतिशीत डेटा गोळा करते तो आळस नाही. आणि पैशाचं बघाल तर दोन्हीकडे सुरुवातीची बरीच वर्षं हातात फारसं काही येत नाही, ते तर तुमच्या पुरवणीत कुठेच नाही.

पुढच्या वेळी तक्ता छापायचाच असेल तर प्रत्येक क्षेत्राचा वेगळा छापा, शिकायला कधी लागायचं, कमाई कधीपासून, आणि मूळ काम थांबलं तर पुढे काय, कॅलसने नंतर न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत शिकवणाऱ्या संस्थेत मास्टरक्लास घेतले तसं. आणि फेलोशिपच्या जाहिरातीत वयाची अट तळाला बारीक अक्षरात असते, ती जरा मोठ्या टायपात वर घ्या.

आपली,
एक वाचक, मिरज