दोन बांगड्यांमधला पडदा

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, मिनिमल सरफेस म्हणजे जिओडेसिकचं मोठं भावंड, एवढंच ना?" जिओडेसिक म्हणजे पृष्ठभागावरून डावी-उजवीकडे न वळता जाणारी वाट, आणि मिनिमल सरफेस म्हणजे ज्याच्या प्रत्येक बिंदूपाशी उलटसुलट वळणांची बेरीज शून्य होते असा पृष्ठभाग. मी हो म्हणून टाकलं, पण ते 'एवढंच' रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी आईच्या दोन-सहाच्या काचेच्या दोन बांगड्या घेतल्या. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं, बांगड्या जुळवून बुडवल्या आणि वर काढून हळूच लांब केल्या. मधोमध चकतीसारखा एक पडदा येतो, तो कोरड्या बोटाने फोडायचा. मग उरतो डमरूसारखा आकार, कॅटेनॉइड. गणितज्ञ ऑयलरचा, १७४४ सालचा. त्याच्या कंबरेपाशी बघ: आडवं वळण आत अक्षाकडे, उभं वळण तितकंच बाहेर. बेरीज शून्य. चेंडूवर ताणलेला दोरा डावी-उजवीकडे वळत नाही, त्यातलाच प्रकार. इथवर तुझं नातं बरोबर.

पण 'मिनिमल' या नावावर जाऊ नकोस, दर वेळी सर्वांत कमी असेलच असं नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ गेलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. त्याच वर्तुळावरून उलट्या बाजूने साडेसत्तावीस हजार. जिओडेसिक दोन्ही, फक्त लांबची वाट जरा बाजूला सरकवली की आखूड होते. बांगड्या जवळ असताना 'बेरीज शून्य' या समीकरणालाही दोन कॅटेनॉइड सापडतात, एक जाड कंबरेचा, एक बारीक. बारीक कंबरेचा साबणात टिकायचा नाही, जरासा धक्का लागला की निसटलाच. सरासरी वक्रता, म्हणजे त्या दोन वळणांची सरासरी, मात्र त्याचीही शून्य, म्हणून नाव तेच.

पट्टी लावून बघितलं. व्यास ६ सेंमी. अंतर ४ सेंमीच्या आसपास गेलं की दोन्ही उत्तरं एक होतात आणि पडदा फट्‌कन तुटून दोन चकत्या उरतात. गंमत म्हणजे ३.२ च्या पुढेच चकत्या स्वस्त पडतात, म्हणजे त्यांचं क्षेत्रफळ कमी भरतं, पण पडद्याला शेजारपाजारचीच खबर, तो तग धरून राहतो. बेल्जियममधल्या घेंटच्या भौतिकशास्त्रज्ञ प्लातोने असले प्रयोग दृष्टी गेल्यावरही चालू ठेवले, बघायचं काम घरच्यांवर सोपवून.

आणि एक. सपाट अवकाशात जिओडेसिक म्हणजे नुसती सरळ रेघ. त्याच्या मोठ्या भावंडाला, मिनिमल सरफेसला, तिथेच डमरूही सुचतो आणि गोल जिनाही. त्या जिन्याचं, म्हणजे हेलिकॉइडचं, पुढच्या पत्रात.

पाचव्या खेपेला एक बांगडी वाढली. आईला अजून सांगितलेलं नाही. येताना तुळशीबागेतून डझनभर आण, माप दोन-सहा, रंग हिरवा.

तुझे,
बाबा