मंत्रिमहोदय, येताना तुमचा काटा घेऊन या

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : रेशनच्या धान्यासाठीची ५९,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा आणि तेलाची पिशवी

स. न. वि. वि.

आमच्या घरी तेलाची पिशवी तीनदा संपते. पहिल्यांदा किटलीत ओतल्यावर. मग तिचा कोपरा मोठा कापून ती किटलीच्या तोंडावर उलटी टेकवायची आणि खिडकीतल्या उन्हात तासभर तशीच ठेवायची. चमचाभर तेल आणखी उतरतं. शेवटी पिशवी दोन्ही बाजूंनी कापून परातीत उघडी पसरते आणि मळलेल्या कणकेचा गोळा तिच्यावरून फिरवते. कणीक मऊ होते, पिशवी कोरडी ठणठणीत. भंगारवाला तेवढी पिशवी घेत नाही, नाहीतर तिचेही पैसे केले असते.

अशा चार पिशव्यांत आमच्या पाच माणसांचा महिना जायचा. मध्यंतरी तेल दोन दिवस आधीच संपायला लागलं. मला वाटलं, सासूबाई फोडणीला हात सैल सोडतात. त्यांना वाटलं, मी दुपारी पोरांना काहीतरी तळून घालते. तोंडाने कुणी बोललं नाही, पण आठवडाभर डबे जरा जोरात आपटले जात होते. शेवटी थोरलीने अभ्यास करता करता पिशवी उचलली आणि वाचून दाखवलं : ८५० ग्रॅम. आमच्या हिशेबात पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम, म्हणजे लिटरभर. पिशवी तेवढीच, चित्र तेच, आत ६० ग्रॅम कमी. चार पिशव्यांचे २४० ग्रॅम. आमच्या घरातलं बरोबर दोन दिवसांचं तेल.

सासूबाईंना चहा करून दिला आणि त्या दिवसापासून मी एक वही घातली. रिकाम्या पिशव्या आणि पुड्यांवरचा वजन-किमतीचा तुकडा कापून खळीने तिच्यात चिकटवते. तेलाचे ९१०, ८५० आणि ८०० असे तिन्ही तुकडे तिच्यात आहेत. पाच रुपयांच्या बिस्किट पुड्याचं एक पान आहे. भांडी घासायच्या वडीचं आहे. दंतमंजनाचं पान अजून रिकामं आहे, कारण आमची डबी संपायला वेळ लागतो.

हे तुम्हालाच का लिहितेय, तर वैधमापन शास्त्र यंत्रणा तुमच्याच खात्यात येते म्हणून. दुकानदाराचा काटा मारलेला आहे की नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढं आत आहे की नाही, हे बघणारी माणसं तुमची. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, साबण अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच भराव्या लागायच्या. केंद्राने ते बंधन काढलं आणि त्याऐवजी पाकिटावर एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात ते छापायला सांगितलं. छापतात. पण अक्षर असं की सासूबाईंना चष्मा लावूनही दिसत नाही, आणि दिसलं तरी ०.१६ रुपये प्रति ग्रॅम वाचून बाजारात उभ्या बाईने काय समजायचं? आम्ही किलोत विचार करतो, पावशेरात करतो, 'दहाचं द्या' असा करतो. ग्रॅमला पैसे किती, हा सोनाराचा हिशेब झाला.

आता आमचंही माप सांगते, म्हणजे हिशेब एका बाजूचा राहणार नाही. आम्ही इचलकरंजीत राहतो. मालक, म्हणजे पोरांचे वडील, कापडाच्या मागावर आहेत, १२ तासांची पाळी, मजुरी मीटरवर. पगार आठवड्याला होतो. सूत चढलं, कापडाला मागणी नसली, बीम वेळेवर आलं नाही की आठवडा अर्धा भरतो. चांगला-वाईट धरून महिन्याला १६ हजारांच्या आसपास येतात. मी घरी फॉल-पिको, हुक-काज आणि ब्लाऊज करते, त्याचे ४ हजार. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. खाणारी तोंडं पाच.

त्यातून भाडं, वीज, गॅस, शाळा आणि सासूबाईंची बीपीची गोळी वजा करा. उरतं त्यावर घर चालतं, आणि ते कसं चालतं हे मला कुणी शिकवायला नको. पेपरात 'बचतीच्या दहा युक्त्या' येतात, त्यात आठवड्यातून एकदाच हॉटेलात जा असं लिहिलेलं असतं. आठवडी बाजाराला मी दिवेलागणीनंतर जाते. बाजार उठताना वांगी-टोमॅटोचे वाटे लागतात, दहाचा वाटा. थोडी किडकी निघतात, ती त्याच रात्री चिरून भाजायची. कोथिंबिरीचे देठ आमटीत. आंघोळीचं पाणी बंबावर, त्यात नारळाच्या करवंट्या आणि कारखान्यातलं मोडकं लाकूड. गॅस फक्त स्वयंपाकाला, मग १४.२ किलोची टाकी दीड महिना पुरते.

आणि वर्षाची चटणी. आमच्याकडे घरात चटणी आहे तोवर घर उपाशी नाही असं म्हणतात. एप्रिल-मेमध्ये ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, मिरच्या उन्हात कडक वाळवून, देठं खुडून, कांदा-लसूण-खोबरं तळून कांडपाला न्यायची. त्यात तेल लागतं, ते काही कणकेवर पुसून भागत नाही. त्यासाठी मी दिवाळीपासून एका डब्यात आठवड्याला ५० रुपये टाकते. डब्याला घरातलं कुणी हात लावत नाही. मालकांनी एकदा लावला होता, पण तो विषय आता नको.

एवढं करून महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस तांदूळ आणि गहू कमी पडतात. आमचं कार्ड केशरी आहे, पण आम्ही प्राधान्य कुटुंबात नाही. म्हणजे कार्ड आहे, धान्य नाही. पत्ता दाखवायला आणि शाळेत झेरॉक्स द्यायला त्याचा उपयोग होतो. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेलाचा आनंदाचा शिधा आला, तोही आमच्या दारावरून पुढे गेला.

नाव घालायला मी गेले होते. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, तिथल्या बाई बिचाऱ्या बऱ्या बोलल्या. त्या म्हणाल्या, उत्पन्नाचा दाखला आणा, शहरात ५९ हजारांच्या आतला. मी म्हटलं, महिन्याला? त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षाला, म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, आणलात तरी इष्टांक, म्हणजे धान्यासाठी ठरवून दिलेल्या माणसांचा कोटा, शिल्लक नाही, कुणाचं नाव कमी झालं तरच.

घरी येऊन मी मोबाइलवर आकडे मांडले. ५९ हजारांचे महिन्याला ४,९१७ होतात. पाच माणसांत ९८३. दिवसाला माणशी ३२ रुपये आणि काही पैसे. हा ३२ चा आकडा कुठेतरी ऐकला होता. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करणारा माणूस गरिबीरेषेच्या वर, आणि त्यावरून देशभर केवढा गदारोळ झाला होता. आयोग गेला, गदारोळ विसरला, आकडा मात्र आमच्या रेशन कार्डात अजून जिवंत आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आणि खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार ही मर्यादा आपल्या राज्याने ठरवली तीही तेव्हाचीच. केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. तुमच्या मर्यादेत बसायला माणसाने ९८३ वर जगायला हवं.

आता मला सांगा, इचलकरंजीत खोली भाड्याने घेऊन राहणारं कुठलं पाच जणांचं घर महिन्याला ४,९१७ रुपये मिळवतं? ज्यांना धान्य मिळतं त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही, ती माझ्यासारखीच माणसं आहेत. शेजारच्या मावशींना मिळतं. त्यांचा मुलगा आमच्या मालकांबरोबर त्याच कारखान्यात, त्याच मजुरीवर आहे. त्यांचं नाव वेळेत लागलं, आमचं राहिलं, एवढाच फरक. मावशींना तांदूळ जास्त होतो, मला कमी पडतो. मी त्यांना ब्लाऊज शिवून देते, त्या मला तांदूळ देतात. हे नियमात बसत नाही याची मला कल्पना आहे. पण मग नियमात काय बसतं तेही बघा. नियमाने माझं केशरी कार्डसुद्धा चुकीचं आहे, कारण केशरीची मर्यादा १ लाखाची, ती तर १९९९ पासूनची. कार्ड सासऱ्यांच्या वेळचं आहे. अपात्र कार्डं शोधायची मोहीम निघाली की माझ्या पोटात गोळा येतो. या पत्राखाली नाव नाही, ते त्याचमुळे.

तुमची मर्यादा पाळून गरीब ठरायचं तर खोटा दाखला आणावा लागतो. खरा आणला तर माणूस श्रीमंत ठरतो. आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खिडकीवर मी गरीब आहेच. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, मला १,५०० रुपये येतात, ते खोटं बोलणार नाही. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ, तिथे ८ लाख, ती आमच्या थोरलीच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे. म्हणजे मुलगी शिकायला गेली तर गरीब, बँकेत पैसे घ्यायला गेले तर गरीब, आणि पोटाला मागायला गेलं की आम्ही पैसेवाले. उलटं असायला हवं होतं ना? सगळ्यात सैल माप अन्नाचं असायला हवं. आमच्या घरात तरी तसंच आहे. कपड्याला, फिरण्याला, मोबाइलला नाही म्हणते मी पोरांना. भाकरीला कधी म्हटलं नाही.

इष्टांक तुमच्या हातात नाही, तो दिल्लीचा, हे मला माहीत आहे. महाराष्ट्राला ७ कोटी १६ हजार माणसांचं धान्य, त्यात शहरांतल्या ४५.३४ टक्के लोकांना, आणि तेही २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची येईल, तिचे आकडे येतील, मग इष्टांक, मग याद्या. तोवर आमची धाकटी कॉलेजात जाईल. पण कुणाला गरीब म्हणायचं ती मर्यादा राज्याची आहे, ती बदलायला दिल्लीला जावं लागत नाही. ती अडीच लाख करा. लगेच सगळ्यांना धान्य मिळणार नाही, तेही कळतं. पण रांगेत उभं राहणारा माणूस निदान खऱ्या दाखल्यावर उभा राहील, आणि किती माणसं रांगेत आहेत ते तुम्हालाही दिल्लीला सांगता येईल. आज तुम्ही काय सांगणार? तुमच्या कागदावर माझ्यासारखं कुणी भुकेच्या जवळपासही नाही.

मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं केवायसीत निघतात म्हणे. निघतात तर त्या जागी कुणाची लागली, ते रेशन दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहायला लावा. प्रतीक्षा यादीत आमचा नंबर कितवा ते एकदा कळलं तर मी निवांत बसेन. कार्यालयात दर खेपेला अर्धा दिवस मोडतो, म्हणजे माझे पाच-सहा ब्लाऊजचे हुक-काज राहतात.

आणि तेलाचं. बंधन केंद्राने काढलं हे खरं, पण दुकान आपल्या राज्यात आहे. फळीवर वस्तूखाली किलोचा भाव मोठ्या अक्षरात लावायला सांगता येईल. निरीक्षक मोठ्या दुकानांबरोबर आमच्या गल्लीतल्या दुकानातही पाठवता येतील. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटांवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला, तेव्हा पाचच्या पुड्यात जास्त ग्रॅम येतील असं सांगितलं जात होतं. माझ्या वहीतल्या त्या पानाशेजारी जागा ठेवलेली आहे. तुमच्या माणसांनी पुडे मोजले असतील तर आकडा कळवा, मी लिहून घेते.

या पत्राबरोबर पिशव्यांचे तुकडे पाठवणार होते. पण पाकीट जाड झालं की टपालाला जास्त पडतात, म्हणून वही घरीच ठेवलीय. तुमचे कुणी निरीक्षक या बाजूला आले तर जरूर दाखवीन. मागच्या पानांवर महिन्याचा खर्चही लिहिलेला आहे, तोही बघू द्या. फक्त येताना स्वतःचा काटा घेऊन या म्हणावं. आमच्या दुकानदाराचा काटा चटणीच्या वेळी तरी शंभर ग्रॅमने हलका वाटला होता.

कळावे,

आपली,
एक केशरी कार्डधारक,
इचलकरंजी