ट्रॉम्बोनच्या पेटीतलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
२७ मार्च

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या बॅण्डबरोबर क्रूझवर निघालायस, तर हे पत्र तुला तुझ्या ट्रॉम्बोनच्या पेटीत सापडेल. सुटकेसमध्ये ठेवलं असतं तर तू घरी परत येईपर्यंत ते तुझ्या हाती लागलं नसतं, कारण आठवडाभर तू वरचे दोनच टी-शर्ट आलटून पालटून घालणार. मराठीत लिहितेय, म्हणजे तुझ्या बॅण्डमधल्या कुणाला वाचता येणार नाही. इतकी वर्षं रविवारी सकाळी मराठी शाळेत जाताना गाडीत भोकाड पसरायचास, त्याचं कुठेतरी चीज व्हायला नको?

गेल्या वर्षी याच सुट्टीत आपण आजीला घेऊन क्रूझवर गेलो होतो. तू विसरला नसशील, पण मी ती सहल कशी काढली ते तुला ठाऊक नाही. फोर्ट लॉडरडेलच्या बंदरावर रांगेत उभी होते तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पुढे एका शाळेचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्या पोरांचा ताफा, मागे दुसऱ्या शाळेचा बॅण्ड, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, आणि शिवाय आईबापांबरोबर आलेली सुटी सुटी पोरं, जी पहिल्या रात्रीच त्या कळपात मिसळून गेली. मी बाबांना म्हटलं, आपण तिकीट काढताना शाळांच्या सुट्ट्या कुणी बघितल्या होत्या? बाबा म्हणाले, बाबूची सुट्टी बघितली होती की. यावर मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी आजी एकटीच लिफ्टने सातव्या मजल्यावर निघाली आणि ओल्या अंगाच्या पंधरा-सोळा पोरांत सापडली. कुणीतरी सगळी बटणं दाबून ठेवली होती. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, पोरं "हूऽऽ" करून ओरडायची, दार मिटायचं. सातवा मजला आला तेव्हा तिला वाट काढून बाहेर पडता आलं नाही. ती उतरली ती थेट वर, पूलवर, पिझ्झाच्या काउंटरसमोर. मी तिला शोधत घामाघूम, आणि ही तिथे खुर्चीत बसून पिझ्झा खातेय. "बरी पोरां होती ती," म्हणाली. "एकान माजी पिशी धरल्यान."

आजीचं हे असं. माझं तसं नव्हतं. बाबांना गरम पाण्याच्या टबात एकदाही बसता आलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी आतली पोरं मोजली तर चौदा भरली, टब आठांचा. बुफेत आइस्क्रीमच्या यंत्राखाली एक मुलगा तोंड उघडून उभा होता. हे मी स्वतः पाहिलं, आणि त्या दिवसापासून आइस्क्रीम खाल्लं नाही. आठवड्यात तीनदा मी खालच्या काउंटरवर तक्रार घेऊन गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथली मुलगी मला नावाने ओळखत होती.

आता जे सांगते ते मी तुला वर्षभर सांगितलेलं नाही. चौथ्या रात्री, साडेबारा वाजून गेल्यावर, आपल्या मजल्यावर पुन्हा धिंगाणा सुरू झाला. जहाजाचा तो बोळ म्हणजे लांबलचक सरळ बोगदा. एका टोकाला कुणी हसलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, आणि केबिनची दारं जड, सोडून दिली की बंदुकीसारखी वाजतात. आजी दचकून उठून बसली. मी गाऊनवरच दार उघडलं. चांगलं खडसवायचं ठरवूनच उघडलं होतं, इंग्रजी वाक्य तोंडात तयार होतं. वीसेक पोरं चालली होती, चालली कसली, उड्या मारत होती. आणि मधोमध, हुडी डोक्यावर ओढून, हातात पिझ्झाची ताटली घेऊन सगळ्यात मोठ्याने ओरडणारा तू होतास.

मी दार लावून घेतलं. आजीने विचारलं, "कोण गो?" मी म्हटलं, "तीच ती पोरं." तू मला पाहिलंस की नाही, ते मला अजून माहीत नाही. सकाळी नाश्त्याला तू फारच सभ्यपणे मला चहा आणून दिलास, त्यावरून जो काय अंदाज बांधायचा तो मी बांधला.

त्या क्षणी मी ओरडले का नाही, याचं कारण तुझ्याबद्दलचं प्रेम वगैरे नाही. मला एक बोट आठवली.

१९८४ सालचा मे महिना. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती १९९८ साली पूर्ण झाली. वेंगुर्ल्याला जायचं तर एसटीने रात्रभर घाटातली वळणं आणि खिडकीबाहेर डोकं, नाहीतर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट. आम्ही अकरा चुलत-मामे भावंडं मामाबरोबर बोटीने निघालो. मी पंधरा वर्षांची. आमची तिकिटं डेकची, म्हणजे उघड्या फळ्यांवर सतरंजी अंथरायची आणि त्यावरच रात्र काढायची. तुमचं ते वॉटरस्लाइड, थिएटर काही नव्हतं. समुद्र आणि चांदणं, बस. मामाने ढोलकी आणली होती. अंधार पडल्यावर जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत. आधी भजनं, मग भेंड्या, मग नुसताच आरडाओरडा. शेजारच्या सतरंजीवरचे लोक आधी हसले, मग कूस बदलायला लागले, मग एक आजोबा चिडून खलाश्याला बोलावून आले. खलाशी आला आणि तोही भेंड्या खेळायला बसला. आमच्या आनंदाला काय विचारतोस!

आमच्या बाजूला एक म्हातारी होती, एकटी. ती काही बोलली नाही. रात्री कधीतरी तिने आपली वळकटी गुंडाळली आणि निघून गेली. आम्हाला जागा मिळाली, आम्ही पसरलो. सकाळी पणजी जवळ आल्यावर मी तोंड धुवायला गेले तर ती जिन्याच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपलेली, डोकं लोखंडी कठड्याला टेकलेलं, वळकटी मांडीवर. येणारे-जाणारे तिला ओलांडत होते. मीही ओलांडून गेले. परत येऊन कुणाला काही सांगितलं नाही. त्या प्रवासातलं एकही गाणं मला आता धड आठवत नाही, पण तो जिना आठवतो.

आता तुमच्या बॅण्डचं. तुम्ही नव्वद जण निघालात. नव्वदांत प्रत्येकाला वाटतं की आवाज बाकीच्या एकोणनव्वदांचा आहे. गप्प बसा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्याच्याने होणारही नाही, आणि सतरा वर्षांची पोरं समुद्रावर जाऊन गप्प बसली तर मीच डॉक्टरला फोन करीन. वर डेकवर काय वाटेल तो दंगा करा. पण बोळात शिरलात की आवाज गिळायचा, आणि केबिनचं दार हाताने धरून लावायचं, सोडून द्यायचं नाही. लिफ्टमध्ये आजीच्या वयाचं कुणी दिसलं तर आधी विचारायचं, कितवा मजला. तिची पिशवी धरणारा तो मुलगा कुणाचा होता कोण जाणे, पण त्याच्या आईला मी मनातल्या मनात नमस्कार केलाय.

केबिन साफ करणाऱ्या माणसाशी नावाने बोल. गेल्या वर्षीचा आपला स्टुअर्ड आठवतो ना, आरोंद्याचा? आजीचं मालवणी ऐकून त्याचा चेहरा कसा उजळला होता. गोव्याची आणि आपल्या तळकोकणातली कितीतरी माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर जातात. वेंगुर्ल्यात कुणाचा ना कुणाचा बापूस "बोटीर" असायचाच. तो स्टुअर्ड मला म्हणाला होता, "पोरां ती, दंगो करतलीच. पण वैनी, टावेल ओले करून खाटीखाली कित्याक टाकतत?" महिनोन् महिने घरी न जाता, सुट्टीचा वार न बघता ही माणसं राबतात. दिवसाला किमान दहा तास विश्रांती त्यांना मिळाली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दहा तास! म्हणजे उरलेले चौदा कुठे जात असतील, याचा हिशेब तू कर, गणितात हुशार आहेस. तुमच्या केबिनमध्ये चौघं मुलगे. टॉवेल दारामागे अडकवायचे.

दारूबद्दल थोडक्यात. इथून निघणाऱ्या जहाजांवर २१ वर्षांखाली मिळत नाही. मेक्सिकोत १८ला मिळते, पण तू तिथेही बसत नाहीस. माउथवॉशच्या बाटलीत रंगवून नेण्याची युक्ती तुमच्या पिढीने शोधलेली नाही, तपासणीवाल्यांना ती तोंडपाठ आहे. पकडलं गेलात तर पुढच्या बंदरावर उतरवूही शकतात आणि मग विमानाचं तिकीट आईबापांनी काढायचं. बाबा ते काढतील. नंतर काय करतील ते मी लिहीत नाही.

आता जरा अवघड आहे, पण लिहिते. जहाजावर ओळखी भराभर होतात. संध्याकाळी भेटलेली मुलं रात्री दहापर्यंत जिवाभावाची होतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की शनिवारी संपणार आहे. अनोळखी कुणाच्या केबिनमध्ये जाऊ नकोस आणि कुणाला तुमच्या केबिनमध्ये आणू नकोस. एखादी मुलगी घोळक्यात हसत असली तरी एकटी सापडल्यावर घाबरलेली असू शकते. तिला परत जायचं असेल आणि तुझे मित्र "थांब ना, थांब ना" करत असतील, तर तू उठून दार उघडायचंस. चारचौघांत वाईट दिसलं तरी चालेल. अमेरिकेने २०१० साली प्रवासी जहाजांसाठी सुरक्षेचा कायदा केला, त्यात केबिनच्या दाराला बाहेर बघायचं भोक असलंच पाहिजे असं लिहिलंय. असलं कलम उगाच कुणी घालत नाही.

त्याच कायद्यात कठड्याची उंचीही आहे, किमान ४२ इंच. साडेतीन फूट. तुझ्या कमरेच्या जरा वर. उभ्या माणसासाठी ते पुरेसं आहे, त्यावर बसून फोटो काढणाऱ्यासाठी नाही.

जहाजावर चढल्यावर संकटात काय करायचं ते शिकवणारं ड्रिल घेतात, त्यालाही टवाळी करू नकोस. २०१२च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचं होतं. तेव्हापासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ड्रिल घेतात. आजी गेल्या वर्षी लाइफजॅकेट काढायलाच तयार नव्हती आणि तू तिचा व्हिडिओ काढलास. तिच्या पिढीला बोट म्हटलं की 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजीची आई त्या गोष्टी सांगून तिला पाण्यापासून लांब ठेवायची. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये असेल तर असू दे, पण कुणाला दाखवू नकोस.

मेक्सिकोत कोझुमेलला उतरलात की एक भानगड लक्षात ठेव. त्या भागात घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे करत नाहीत, आपण मार्चमध्ये केलीत. म्हणजे जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालत असेल तर तुझ्या फोनवर तीन वाजलेले दिसतील तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतील. फोन तिथला सिग्नल पकडून आपोआप वेळ बदलतो आणि पोरं निवांत आइस्क्रीम खात बसतात. गेल्या वर्षी आपण कठड्याशी उभं राहून ती गंमत पाहिली: धक्क्यावरून जिवाच्या आकांताने धावत येणारी पाच मुलं, वरून टाळ्या वाजवणारी हजार माणसं. तूही शिट्या मारल्या होत्यास. त्यातली एक मुलगी रडत होती, ते जवळ आल्यावर दिसलं. साधं मनगटी घड्याळ पेटीच्या कप्प्यात ठेवलंय, बाबांचं जुनं. जहाजाची वेळ लावून घे. ते आपोआप काही करत नाही.

रात्री तुमचे सर दारांना चिकटपट्टी लावून जाणार आहेत म्हणे, कोण बाहेर पडलं ते सकाळी कळावं म्हणून. पालकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी नाही हसले. मला तुझी हुडी आठवत होती.

फोन रोज करू नकोस, समुद्रावर विमानाच्या मोडवरच ठेव, नाहीतर बिल येईल. बंदरावर वायफाय मिळालं तर आजीला एक फोटो पाठव, लिफ्टमधला असला तर उत्तम.

पेटीच्या आतल्या खिशात पुरचुंडी आहे. आजीने खडखडे लाडू दिलेत. घरचं खाणं जहाजावर चढू देत नाहीत हे मी तिला सांगून थकले, तिचं म्हणणं, खलाशी आपलेच असतात. तेव्हा विमानातच संपवा. दोन तुला, बाकीचे वाट. आणि दात सांभाळून खा रे, वाजवायचंय तुम्हाला.

तुझी,
आई